फेसाचे गणित : प्रवाळांच्या काचपेटीसाठी प्रोटीन स्किमर निवडताना

पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र खवळला की मिरामार असो वा कळंगुट, पाण्याच्या काठाने पिवळसर पांढऱ्या फेसाची जाड पट्टी साचलेली दिसते. वारा सुटला की त्या फेसाचे गोळे वाळूवरून घरंगळत जातात. कोणीतरी साबणाचे पाणी सोडले असावे, असा अनेकांचा समज होतो. बहुतेक वेळा मात्र तो फेस समुद्राचा स्वतःचाच असतो. पाण्यातील सूक्ष्म वनस्पती आणि जीव मरून कुजले की त्यांच्यातील प्रथिने, मेद व इतर सेंद्रिय द्रव्ये पाण्यात मिसळतात. लाटा त्या पाण्यात हवा कोंबतात, द्रव्ये बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेस होऊन किनाऱ्यावर पडतात.

हेच काम घरातल्या काचपेटीसाठी करणारे यंत्र म्हणजे प्रोटीन स्किमर. खाऱ्या पाण्यात मासे आणि प्रवाळ सांभाळू पाहणाऱ्या हौशी माणसाच्या खर्चात काच, दिवे आणि पाणी गार ठेवणारे चिलर यांच्या बरोबरीने या यंत्राचा वाटा असतो. ते चुकीचे निवडले गेले तर नुकसान केवळ पैशांचे होत नाही. पाणी हळूहळू पिवळट होते, दगडांवर शेवाळ चढते, प्रवाळ आपली मऊ काया आक्रसून घेतात आणि काही आठवड्यांत त्यांचा पांढरा सांगाडा तेवढा उरतो. तरीही दुकानात हे यंत्र बहुधा एकाच प्रश्नावर विकले जाते : टाकी किती लिटरची? हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

यंत्राकडे वळण्यापूर्वी कायद्याची एक बाब. प्रवाळ हे दगड वा वनस्पती नसून प्राणी आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्यांचा समावेश २००१ मध्ये झाला. त्यामुळे मुरगावसमोरील ग्रांदे बेटाच्या परिसरातून किंवा मालवणच्या खडकांवरून प्रवाळाचा तुकडा, अगदी मेलेला सांगाडादेखील, उचलून घरी आणणे हा गुन्हा ठरतो. काचपेटीत ठेवायचे प्रवाळ कायदेशीर मार्गाने आलेले आणि कागदपत्रांसह घेतलेलेच असावेत. ओळखीच्या नावाडीकडून मिळालेल्या ‘जिवंत दगडा’चा मोह टाळलेलाच बरा.

बुडबुड्याला चिकटते ते काय?

प्रथिनांसारख्या अनेक सेंद्रिय रेणूंचे एक टोक पाण्याशी सलगी करते, तर दुसरे पाण्यापासून पळ काढू पाहते. असा रेणू हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेवर स्थिरावतो, कारण तिथे त्याची दोन्ही टोके समाधानी राहतात. बुडबुडा म्हणजे अशी सीमाच. मोठा एक बुडबुडा फोडून त्याचे हजार बारीक बुडबुडे केले तर हवा तेवढीच राहते, सीमेचे क्षेत्रफळ मात्र दहापट वाढते. म्हणून स्किमरचा सारा खटाटोप बुडबुडे बारीक करण्याचा आणि पाण्याशी त्यांचा सहवास लांबवण्याचा असतो. उभ्या नळकांड्यात बुडबुडे वर चढतात, माथ्यावर फेस दाटतो, त्यातले पाणी निथळून खाली येते आणि उरलेला घट्ट, मळकट फेस अरुंद मानेतून वर ढकलला जाऊन पेल्यात सांडतो. त्या पेल्यात दोन दिवसांनी जमलेल्या तपकिरी द्रवाचा वास ज्याने एकदा घेतला, त्याला या यंत्राची उपयुक्तता पटवून द्यावी लागत नाही.

गोड्या पाण्याच्या काचपेटीत स्किमर का दिसत नाही, याचेही उत्तर येथेच आहे. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांना भेटले की चटकन एकरूप होऊन मोठे होतात. समुद्राच्या पाण्यातील क्षार या विलीनीकरणाला अटकाव करतात, त्यामुळे खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात. एक हजार भाग पाण्यात सुमारे ३५ भाग मीठ हा समुद्राचा नेहमीचा खारेपणा या यंत्रालाही मानवतो.

स्किमर सेंद्रिय द्रव्ये काढतो, तीही कुजून त्यांचा अमोनिया आणि पुढे नायट्रेट होण्याआधी. एकदा तयार झालेले नायट्रेट किंवा विरघळलेले फॉस्फेट बुडबुड्याला चिकटत नाही. ‘हा बसवा, नायट्रेट उतरेल’ असे सांगणारा विक्रेता अर्धेच खरे सांगत असतो : पुढची वाढ मंदावेल, साठलेले नायट्रेट मात्र पाणी बदलूनच उतरवावे लागेल.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास या यंत्रांच्या रीतसर चाचण्या घेतल्या. पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनापैकी सुमारे २० ते ३५ टक्के एवढाच भाग स्किमर काढू शकतो; उरलेला बुडबुड्याला चिकटतच नाही, मग यंत्र कितीही वेळ चालू ठेवा, असे त्यांना आढळले. तपासलेल्या यंत्रांच्या कामगिरीतील फरकही जाहिरातींवरून वाटावा एवढा मोठा नव्हता. पेल्यातल्या गाळाच्या पुढील पृथक्करणात सेंद्रिय द्रव्यांबरोबर कॅल्शियम कार्बोनेट आणि डायटम या सूक्ष्म शेवाळांच्या कवचांतली सिलिकाही बरीच सापडली. हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा हौशी मंडळींत चांगलीच खळबळ उडाली, कारण अनेकांनी केवळ नावावर विसंबून भारी किमतीची यंत्रे घेतली होती. स्किमर निरुपयोगी असल्याचा अर्थ मात्र त्यातून निघत नाही. बारीक बुडबुड्यांमुळे पाण्यात प्राणवायू भरपूर मिसळतो, हा त्याचा दुसरा लाभ. रात्री दिवे मालवल्यावर, शेवाळ आणि प्रवाळही प्राणवायू घेऊ लागतात तेव्हा, माशांच्या दृष्टीने तोच पहिला ठरतो.

लिटर नव्हे, खाद्य

खोक्यावर ‘१००० लिटरपर्यंत’ असे छापलेले असते. तो आकडा कोणत्या टाकीला धरून काढला, याचा एकच सर्वमान्य दंडक नाही. काही उत्पादक प्रामाणिकपणे दोन आकडे देतात, एक हलक्या भारासाठी आणि एक जड भारासाठी. दुसरा पहिल्याच्या निम्मा असणे नवलाचे नाही. फक्त एकच मोठा आकडा दिलेला असेल, तर तो हलक्या भाराचा समजून चालणे शहाणपणाचे.

समजा, पणजीतल्या एका सदनिकेत १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच अशी काचपेटी आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात ४३२ लिटर पाणी मावेल. प्रत्यक्षात पाणी ५५ सेंटिमीटरपर्यंत भरले जाते, म्हणजे ३९६ लिटर. दगड आणि वाळू यांनी त्यातली पन्नासेक लिटर जागा व्यापलेली असते. खालच्या कपाटात सम्प म्हणून ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत सत्तर-ऐंशी लिटर धरले तर एकूण पाणी सव्वाचारशे लिटरच्या आसपास येते. आता या पेटीत क्लाउनफिशची एक जोडी आणि दोन-तीन लहान मासे असतील, त्यांना दिवसातून एकदा चिमूटभर खाद्य पडत असेल, तर तिचा भार हलका. त्याच पेटीत दोन टँग, एक एंजेल आणि अर्धा डझन इतर मासे असतील आणि दिवसातून तीनदा गोठवलेले खाद्य पडत असेल, तर पाणी तेवढेच असूनही स्किमरला जवळपास दुप्पट काम आहे. पहिल्या घराला ४०० ते ५०० लिटरच्या छापील क्षमतेचे यंत्र पुरेल. दुसऱ्याने ८०० ते १००० लिटरचे पाहावे. हा ठोकताळाच आहे, परंतु नुसते लिटर मोजण्यापेक्षा तो सत्याच्या अधिक जवळ जातो.

‘मोठे घेतलेले बरे’ हा सल्ला सर्वाधिक दिला जातो आणि सर्वाधिक फसवतोही. मोठ्या यंत्राची मान रुंद असते. रुंद मानेत फेस उभा राहायचा तर त्याला बांधून ठेवणारे सेंद्रिय द्रव्य तेवढ्या प्रमाणात मिळावे लागते. हलक्या भाराच्या पेटीत ते मिळत नाही. फेस मानेत अर्ध्यापर्यंत चढतो, फुटतो, परत खाली बसतो. दिवसभर पेला कोरडा आणि खाद्य घातल्यावर तासभर काहीतरी थुंकल्यासारखे, अशी त्याची चाल होते. मालक रोज झडप फिरवत बसतो आणि यंत्र सदोष आहे, असा निष्कर्ष काढतो. थोडे लहान, पण अखंड काम करणारे यंत्र अशा पेटीत अधिक मळ काढते.

खाद्याचा प्रकारही येथे बोलतो. बाजारातून आणलेली सुंगटे बारीक चिरून घालणारी घरे गोव्यात पुष्कळ सापडतील. सुंगटे धुऊन घातली तर हरकत नाही. त्यांचा रस तसाच पाण्यात गेला की स्किमर भरून वाहतो. बांगड्यासारख्या तेलकट माशाचे उलटे असते : तेलाचा तवंग फेस मारतो आणि पुढचे काही तास पेल्यात थेंब पडत नाही. तेल लावलेला हात पाण्यात बुडवल्यावरही हेच घडते.

यंत्रांचे प्रकार

जुन्या पिढीतील स्किमर हवेच्या पंपावर आणि लाकडी हवाकांडीवर चालत. त्या कांड्या काही आठवड्यांत कुजून बदलाव्या लागत. जर्मनीत अशा यंत्रांचा मोठा प्रसार झाला आणि तिथल्याच बर्लिन शहराचे नाव मिळालेल्या पद्धतीने, म्हणजे सच्छिद्र जिवंत दगड अधिक जोरकस स्किमर या जोडीने, घरगुती प्रवाळपालन खऱ्या अर्थाने शक्य केले. आज घरगुती वापरासाठी बहुतांश यंत्रे ‘नीडल व्हील’ प्रकारची असतात. पंपाच्या पात्यांऐवजी चक्रावर असंख्य सुया असतात. पंप पाण्याबरोबर नळीतून हवाही ओढून घेतो आणि त्या सुया तिचा चुरा करतात. वीज कमी लागते, बुडबुडे बारीक होतात. वीस वॉटचा पंप अहोरात्र चालला तरी महिन्याला साडेचौदा युनिटांपेक्षा कमी वीज खातो.

यंत्र कुठे बसणार, हा प्रश्न प्रकारापेक्षा महत्त्वाचा. खाली सम्प असेल तर त्यात ठेवायचे यंत्र घ्यावे. सम्प नसेल तर पेटीच्या मागच्या काचेवर अडकवायचे यंत्र मिळते. ते चालते, परंतु आवाज अधिक करते आणि बिघडले तर पाणी थेट दिवाणखान्याच्या फरशीवर येते.

सम्पमध्ये ठेवायच्या यंत्राबाबत बहुतेक चुका मोजपट्टी न वापरल्यामुळे होतात. प्रत्येक यंत्राला बाहेरच्या पाण्याची ठरावीक खोली लागते. अनेकांना ती १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान असावी लागते आणि नेमका आकडा माहितीपत्रकात असतो. खोली अधिक झाली तर फेस ओला होऊन पेला भरून वाहतो, कमी पडली तर फेस मानेपर्यंत पोहोचत नाही. ती दिवसागणिक बदलत राहिली तर यंत्र कधीच स्थिरावत नाही, आणि आपल्याकडे पंख्यामुळे रोज काही लिटर पाणी वाफ होऊन जाते. म्हणून सम्पच्या ज्या कप्प्यात स्किमर उभा राहणार तिथली पातळी आडव्या काचेने पक्की बांधलेली असावी, आणि वाफ होऊन गेलेले गोडे पाणी आपोआप भरणारी सोय असावी. कप्पा खोल असेल तर यंत्राखाली ॲक्रिलिकचा पाट ठेवून ते उचलता येते. उथळ कप्प्यावर असा सोपा इलाज नाही. कपाटाची उंचीही मोजून घ्यावी. यंत्र आत मावते, पण पेला वर काढायला चार बोटे जागा नाही, हा अनुभव खरेदीनंतर येणे क्लेशदायक असते, कारण पेला आठवड्यातून दोनदा काढायचा असतो.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून यंत्र मागवण्याचा प्रघात आहे. त्यात विजेची मेख आहे. अमेरिकेतील वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवता येतात, हर्ट्झ नाही; एसी पंप त्यामुळे सुमारे एक षष्ठांश हळू फिरतो आणि हवा कमी ओढतो. युरोपातील वीज या बाबतीत आपल्यासारखीच आहे. डीसी पंपाच्या यंत्रांना ही अडचण सहसा नसते, कारण त्यांचा अडॅप्टर दोन्ही प्रकारची वीज चालवून घेतो; शिवाय पंपाचा वेग कमीजास्त करता येतो आणि थोड्या मोठ्या यंत्रालाही हलक्या पेटीशी जुळवून घेता येते. मात्र त्यांचा नियंत्रक विजेच्या झटक्याने जातो, आणि जून-जुलैतील गडगडाटात असे झटके किती बसतात हे येथील प्रत्येक घर जाणते. झटकारोधक प्लग लावावा. सुयांचे चक्र, रबरी कडी आणि नियंत्रक सुटे मिळतील का, हे पैसे देण्याआधी विचारावे. ज्या यंत्राचे चक्र मिळण्यासाठी दोन महिने थांबावे लागते, ते स्वस्त मिळूनही महाग पडते.

ज्यांची पेटी पाऊणशे-शंभर लिटरांच्या आत आहे आणि मासे दोन-तीनच आहेत, त्यांनी स्किमर घेतलाच पाहिजे असे नाही. दर आठवड्याला दहा ते पंधरा टक्के पाणी बदलण्याची शिस्त असेल तर मऊ प्रवाळ त्यावर उत्तम राहतात. स्किमरऐवजी शेवाळ वाढवून पाणी शुद्ध करण्याची रीतही आहे. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर ॲडे यांनी ती विकसित केली. कठीण सांगाड्याचे, विशेषतः ॲक्रोपोरासारखे शाखायुक्त प्रवाळ ठेवायचे असतील आणि मासेही भरपूर असतील, तर मात्र स्किमरवाचून गत्यंतर नसल्यासारखेच आहे.

हवा कुठून येते?

स्किमर ताशी शेकडो लिटर हवा ओढतो, आणि ती हवा खोलीतली असते. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, फवाऱ्यातले कीटकनाशक, नव्या रंगाचा वास, जे काही खोलीच्या हवेत असेल ते यंत्र अत्यंत कार्यक्षमतेने पाण्यात मिसळते. झुरळांवर मारायच्या फवाऱ्यांतील अनेक द्रव्ये कोळंबी, खेकडे आणि मासे यांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात. चतुर्थीपूर्वी घराला रंग काढायचा असेल तर हवेची नळी लांब करून खिडकीबाहेर सोडावी किंवा त्या दोन दिवसांत यंत्र बंद ठेवून पाणी ढवळते राहील, अशी दुसरी व्यवस्था करावी.

नळी बाहेर सोडण्याचा आणखी एक फायदा आहे. वातानुकूलित खोलीत दारे-खिडक्या बंद असतात, माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, तोच स्किमरमधून पाण्यात जातो आणि पाण्याचा सामू खाली येतो. समुद्राचा सामू ८.१ च्या आसपास असतो. बंद खोलीतल्या पेटीत तो ७.८ वर रेंगाळताना दिसतो आणि प्रवाळांची सांगाडा बांधण्याची गती मंदावते. महागडी रसायने घालण्याआधी दोन मीटर नळी लावून पाहणे केव्हाही स्वस्त.

नवे यंत्र आणल्यावर पहिले काही दिवस, क्वचित दोन आठवडे, ते नीट चालत नाही. कारखान्यातील तेलाचा अंश आत राहिलेला असतो आणि भिंतींवर अजून जैविक थर बसलेला नसतो. व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात आधी तासभर चालवून धुतल्यास हा काळ घटतो. या दिवसांत झडप वारंवार फिरवू नये. एकदा फिरवून निदान अर्धा दिवस वाट पाहावी. दगड चिकटवण्याची इपॉक्सी किंवा माशांचे एखादे औषध पाण्यात गेले तर शांत चाललेले यंत्रही अचानक उसळते. तेव्हा पेला काढून ठेवणे एवढाच उपाय. फेस ओला ठेवायचा की कोरडा, यावर वाद पुष्कळ आहेत. ओल्या फेसाने मळ थोडा अधिक निघतो, पण त्याबरोबर खारे पाणीही जाते आणि त्याची जागा गोडे पाणी घेते; महिन्याभरात खारेपणा उतरलेला आढळतो. जो ओला फेस काढतो त्याने खारेपणा आठवड्याला मोजावा.

वीज गेली की वरच्या पेटीतले पाणी सम्पमध्ये उतरते, तिथली पातळी वाढते आणि वीज परत आल्यावर पहिल्या काही मिनिटांत स्किमर पेल्यात नुसते पाणी ओततो. पेल्याला निचऱ्याची नळी लावून ती वेगळ्या बाटलीत सोडली असेल तर फरशी वाचते. मुख्य पंपानंतर दहा मिनिटांनी स्किमर सुरू होईल असा टायमरही मिळतो. वीज तासन् तास जाणाऱ्या भागात बॅटरीवरचा साधा हवापंप जवळ असावा, कारण स्किमर थांबला की प्राणवायूचा मोठा स्रोतही थांबलेला असतो.

मानेच्या आतल्या बाजूला चिकट थर साचला की फेस वर सरकत नाही. दर तीन-चार दिवसांनी तो पुसावा. पंप दोन-तीन महिन्यांतून एकदा व्हिनेगरमध्ये भिजवला की सुयांवरचा चुन्याचा थर सुटतो. आणि यंत्र एखाद्या सकाळी कारण नसताना मंदावलेले दिसले तर आधी हवेची नळी पाहावी. तिच्या आतल्या टोकाशी मिठाचा खडा जमलेला असतो. अर्धा पेला कोमट गोडे पाणी त्या नळीतून यंत्राला ओढू द्यावे. मीठ विरघळते आणि थोड्याच वेळात फेस पुन्हा मानेत चढू लागतो.